किशोरवयीन मुलांच्या सवयी आणि मुस्लिम घर: सुरुवात कुठून करायची

रात्री एक-दीडपर्यंत मोबाइल. फजरला (पहाटेच्या नमाजला) हाका मारून घसा कोरडा पडतो, पण पांघरूण हलत नाही. मग धावतपळत शाळा, न्याहारी तशीच टेबलावर. दुपारी आल्या आल्या अंथरुणात, ते असर (दुपार उतरल्यावरची नमाज) टळून गेल्यावरच उठणं. संध्याकाळी अभ्यासाचं नाव काढलं की चिडचिड, आणि रात्री दहानंतर कुठे अंगात तरतरी. तेरा ते अठरा वयाची मुलं असलेल्या कितीतरी घरांत हेच चाललेलं असतं. आईवडिलांना त्यात आठ-दहा वाईट सवयी दिसतात आणि ते सगळ्यांबद्दल एकदमच बोलू लागतात. मुस्लिम घरात या बोलण्याला आणखी एक धार येते. नमाज चुकली की मूल फक्त अब्बांचा नाही, अल्लाहचाही गुन्हेगार ठरतं. पंधरा वर्षांच्या मुलाच्या कानावर दीन (धर्म) रोज रागावलेल्या आवाजातच पडत असेल, तर त्या आवाजापासून पळता पळता ते दीनपासूनही लांब जातं.

म्हणून सुरुवातीलाच सांगते. एका वेळी एकच सवय धरा. बहुतेक घरांत ती झोपेची असते. आणि काहीही झालं तरी नमाजची काठी करू नका.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त पाहा

सात दिवस काहीही सुधारायला जाऊ नका. एका वहीत रोज सहा गोष्टींची नोंद करा: झोपायला किती वाजता गेला, प्रत्यक्ष दिवा किती वाजता बंद झाला, सकाळी किती हाकांनंतर उठला, जेवला कधी, कोणत्या नमाजा आपणहून झाल्या, चिडचिड कोणत्या वेळी जास्त होती. मत लिहू नका, वेळा लिहा. ‘आळशीपणा केला’ ही नोंद नव्हे. ‘४ ते ६:३० झोपला’ ही नोंद आहे.

आठवड्याने वही चाळली की दिसतं की सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. फजर का चुकते, तर झोप दीडला लागते म्हणून. असर का चुकते, तर रात्रीची झोप दुपारी भरून काढली जाते म्हणून. मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) खेकसणं का, तर सकाळपासून धड खाल्लेलं नाही म्हणून. आठ सवयींच्या मुळाशी एक किंवा दोनच सापडतात.

पाहणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं. मुलगी अंघोळीला गेली की तिचे मेसेज वाचणं, दप्तर उलटंपालटं करणं, धाकट्याला हेर बनवणं, हे करू नका. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत पाळत ठेवायला स्पष्ट मनाई आहे, आणि ती आयत घराच्या उंबऱ्याबाहेर थांबत नाही. मूल धोक्यात आहे, अशी ठोस शंका असेल तर गोष्ट निराळी; तेव्हा त्याला सांगून तपासा. एरवी घरात समोर जे दिसतं तेवढं पुरतं.

दुसरी पायरी: सगळ्या चुका एका तागडीत घालू नका

मुलं आईवडिलांचं ऐकणं का सोडतात, याचं मला दिसलेलं सर्वांत मोठं कारण हे आहे. केस विचित्र कापले तरी तोच आवाज, खोली पसरलेली तरी तोच, सिगारेटचा वास आला तरी तोच. मग मुलाला वाटतं, आवाज तर रोजचाच आहे.

आपल्या फिक्हमध्ये (इस्लामी कायदेशास्त्रात) याची शिस्त आधीच आहे. फर्ज (सक्तीचं), सुन्नत (प्रेषितांची रीत), मुबाह (मोकळीक असलेलं), मकरूह (नापसंत), हराम (निषिद्ध) अशा पायऱ्या फकीहांनी (त्याच्या जाणकारांनी) लावून ठेवल्या आहेत. घरात मात्र आपण मुबाह गोष्टीवर हरामइतके तापतो. एका कागदावर तीन भाग करा. पहिल्यात ज्या गोष्टींत गुनाह आहे किंवा जिवाला धोका आहे त्या: नशा, सततचं खोटं, अश्लील चित्रफिती, नमाज पूर्ण सोडून देणं. दुसऱ्यात तब्येत आणि अभ्यास बिघडवणाऱ्या: जागरण, न्याहारी टाळणं, तासन्‌तास स्क्रीन, हालचाल नसणं. तिसऱ्यात निव्वळ तुम्हाला न आवडणाऱ्या: कपड्यांची ढब, मोठ्याने हसणं, तास-तास अंघोळ, मित्रांची भाषा.

तिसऱ्या भागावर निदान तीन महिने तोंड उघडू नका. अवघड जातं, पाहुण्यांसमोर तर फारच. पण तेवढी शांतता मिळाल्याशिवाय पहिल्या भागातलं तुमचं बोलणं मुलाला वेगळं ऐकू येणार नाही.

तिसरी पायरी: मोठ्यांचं आधी एकमत

मुलाशी बोलण्याच्या आधी अम्मी-अब्बांनी दार लावून बोलावं. अब्बा मोबाइल काढून घेतात आणि अम्मी तासाभराने गुपचूप परत देते, किंवा दोघं ठाम आहेत आणि दादी म्हणते, ‘राहू दे, लेकरू आहे’. अशा घरात मूल नियम शिकत नाही, माणसांमधल्या फटी शिकतं. आजी-आजोबांना हुकूम सांगू नका, मदत मागा. ‘अम्मी, त्याची झोप सुधारेपर्यंत रात्री तुमचा फोन त्याला देऊ नका, एवढं सांभाळाल?’ असं विचारलं की बहुतेक वडीलधारी माणसं साथ देतात.

तुमच्या स्वतःच्या दोन सवयीही याच बैठकीत काढा. अब्बा इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) सोफ्यावर दोन तास फोनमध्ये असतील, तर मुलाच्या फोनबद्दलचा नियम पहिल्याच रात्री मोडेल. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस (प्रेषितांच्या वचन-वर्तनाची नोंद) आहे. एक बाई आपल्या मुलाला ‘ये, तुला काही देते’ म्हणून बोलावते. प्रेषित मुहम्मद (स.) तिला विचारतात, काय देणार होतीस? ती खजूर म्हणते. ते सांगतात की काहीच दिलं नसतंस, तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. मुलांसमोर मोठ्यांच्या शब्दाचा हिशेब इतका बारीक ठेवला गेला आहे.

चौथी पायरी: पहिलं बोलणं

वेळ नीट निवडा. फजरला उठवताना, निकालाच्या दिवशी, भावंडांसमोर किंवा कुणी घरी आलेलं असताना अजिबात नको. गाडीत, चालताना, काहीतरी बरोबर करताना बोललेलं चांगलं. समोरासमोर बसलं की किशोरवयीन मुलांना ती चौकशी वाटते. वीस मिनिटांत आटपा.

कुरआनात बाप-लेकांची जी संभाषणं आहेत, ती या कामासाठी पुन्हा वाचण्यासारखी आहेत. लुकमान मुलाला उपदेश करतात, पण मायेने हाक मारून, आणि आवाज खाली ठेवण्याची शिकवण त्याच उपदेशात देतात (सूरह लुकमान, आयती १३ ते १९). हजरत इब्राहीम (अ.) यांना तर थेट स्वप्नातून मुलाच्या कुर्बानीचा हुकूम आलेला. तरीही ते मुलाला विचारतात, तुझं काय मत आहे, सांग (सूरह साफ्फात, १०२). एवढ्या मोठ्या गोष्टीत मुलाचं मत विचारलं गेलं. झोपायच्या वेळेबद्दल विचारायला आपल्याला काय हरकत आहे?

बोलणं साधारण असं होऊ शकतं.

‘बेटा, गेल्या आठवड्यात तू रोज दमलेला दिसलास. तुला काय वाटतं, कशामुळे?’

‘काही नाही. शाळेचं काम असतं.’

‘असेल. रात्री झोप किती वाजता लागते?’

‘बारा… कधी एक.’

‘उठायला मग त्रास होणारच. हे बदलायचं तर पहिली गोष्ट कोणती बदलावी, तूच सांग. मला एक सुचतंय, पण आधी तुझं ऐकते.’

यात आरोप नाही आणि नमाजचा उल्लेखही नाही. तो मुद्दाम टाळला आहे. पहिल्या बोलण्यात नमाज आली की मूल बचावाच्या पवित्र्यात जातं, कारण तिथे त्याला उत्तर देता येत नाही, फक्त शरमता येतं.

लाज वाटेल असा विषय निघाला तर मुस्नद अहमद या हदीससंग्रहातला तरुण आठवा. तो भर सभेत प्रेषितांकडे व्यभिचाराची परवानगी मागतो. लोक त्याच्यावर ओरडतात. प्रेषित मात्र त्याला जवळ बसवतात, एकेक प्रश्न विचारतात: आईसाठी हे आवडेल का तुला, मुलीसाठी, बहिणीसाठी? मग त्याच्यावर हात ठेवून दुआ करतात. त्यांनी त्याला विचार करायला लावलं, आणि तो उठला तेव्हा त्याचा कुणी अपमान केलेला नव्हता.

पाचवी पायरी: रात्र दुरुस्त करा

इथे सर्वांत जास्त वेळ आणि धीर घाला, कारण बाकीचं बरंचसं याच्या पाठोपाठ येतं.

१३ ते १८ वयात दिवसाच्या २४ तासांत ८ ते १० तास झोप लागते. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. म्हणजे नऊ वाजता ‘झोपच येत नाही’ म्हणणारा पोरगा नेहमी खोटं बोलत नसतो. त्यात रात्री डोळ्यांसमोर झगझगीत स्क्रीन असली की हे स्रवणं आणखी लांबतं. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटून काही वर्षं जाईपर्यंत घडतच असतो. ‘आणखी एकच’ म्हणताना थांबणं या वयात मोठ्यांपेक्षा खरोखर अवघड असतं. म्हणून मुलाच्या निर्धारावर भार टाकू नका. घराची मांडणी बदला.

घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री एका ठरलेल्या जागी चार्जिंगला लागतील, झोपायच्या खोल्यांबाहेर. ‘सगळ्यांचे’ यात तुमचेही आले. ‘गजर फोनवरच लागतो’ ही सबब पहिल्या दिवशी येते, म्हणून साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. झोपेच्या तासभर आधी दिवे मंद करा. चहा, कॉफी, ऊर्जापेयं दुपारनंतर बंद; कॅफीन शरीरात निम्मं व्हायलाच पाच-सहा तास जातात.

दीडला झोपणाऱ्या मुलाला आज रात्री दहाला झोपवायला जाऊ नका. तो अंधारात तीन तास तळमळेल आणि सगळा बेत फसला असं तुम्हालाही वाटेल. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे या. दीडवरून साडेदहावर यायला चार-पाच आठवडे लागतील. लागू द्या.

उठण्याच्या बाबतीत मात्र मुस्लिम घराला मोठी सोय आहे. शरीराचं घड्याळ बसतं ते मुख्यतः रोज ठरावीक वेळी उठल्याने आणि सकाळच्या उजेडाने. बाकीच्यांना ती वेळ स्वतः ठरवून पाळावी लागते. आपल्याकडे फजर ती ठरवून देते, आणि बहुतेक ठिकाणी फजरची वेळ दिवसाला मिनिटा-दोन मिनिटांनीच सरकते. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळायची मुभा दिली की आठवड्याची मेहनत वाया जाते. सुट्टीतही फजर, मग हवं तर पुन्हा झोप, पण ठरलेल्या वेळेपर्यंतच.

हिशेब कागदावर मांडा. समजा फजरसाठी ५ला उठायचं आहे आणि झोप १०:३०ला लागते. साडेसहा तास झाले. ते कमी आहेत. शाळा उशिरा असेल तर फजरनंतर तासभर झोपू द्या. ते शक्य नसेल तर जुहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) २०-३० मिनिटं आडवं होऊ द्या. ही दुपारची छोटी झोप, कैलूला, सुन्नतही आहे. पण ती असरपर्यंत ताणली गेली तर रात्र पुन्हा बिघडते, म्हणून गजर लावूनच. उन्हाळ्यात इशा उशिरा आणि फजर लवकर असते, तेव्हा दिवसाच्या झोपेचा वाटा वाढवावा लागेल. बुखारी या हदीससंग्रहात हजरत अबू बरझा (रजि.) सांगतात की प्रेषितांना इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं आवडत नसे. इशा झाली की घर आवरतं घ्या. पाहुणे, टीव्ही, मोठ्या आवाजातले फोन हे सगळं तेव्हा आटोपलं, तरच मुलाला ‘झोप’ म्हणण्यात अर्थ आहे.

सहावी पायरी: नमाज, पण घाई न करता

झोप थोडी रुळली, साधारण तिसऱ्या आठवड्यात, की नमाजकडे वळा. फजरपासून सुरुवात करू नका, ती सर्वांत अवघड. मगरिब घ्या: सगळे घरी असतात, वेळ लहान असते, जमात (एकत्र नमाज) करता येते. घरातल्या जमातीत कधी मुलाला इमामत करू द्या (पुढे उभं राहून नमाज पढवू द्या), मुलीला अम्मीसोबत उभं राहू द्या. महिनाभर एक नमाज न चुकता झाली की दुसरी तिच्या शेजारी ठेवा. पाचही फर्ज आहेत, यात सूट देणारे आपण कोणी नाही, आणि मुलालाही हे स्वच्छ सांगा. पण घडी बसवायची तर क्रम लागतो. अल्लाहला सर्वांत आवडणारं काम ते, जे थोडं असलं तरी सातत्याने होतं, प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशांकडून (रजि.) आलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

‘सातव्या वर्षी नमाजचा हुकूम द्या’ ही हदीस लोक सांगतात आणि लगेच तिच्यातल्या दहाव्या वर्षीच्या माराकडे उडी घेतात. मधली तीन वर्षं कुणी मोजत नाही. दिवसाला ५ धरल्या तर तीन वर्षांत ५००० हून जास्त वेळा प्रेमाने सांगणं होतं. ज्या घरात ती सांगणी झालीच नाहीत, तिथे सोळाव्या वर्षी हात उगारायचा हक्क कुठून आला? शिवाय उलेमांनी त्या मारालाही कडक अटी घातल्या आहेत: इजा नको, वळ नको, चेहऱ्यावर नको, रागात नको. आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत आयेशांचं सांगणं आहे की प्रेषितांनी, लढाई सोडली तर, कधी कुणावर हात उचलला नाही. ना बाईवर, ना नोकरावर. किशोरवयीन मुलाला मारलं की तो नमाज शिकत नाही, लपवायला शिकतो.

दोन नाजूक गोष्टी इथेच सांगायला हव्यात, कारण घरोघरी त्या न बोलल्या गेल्यामुळे अडतात.

मुलगा वयात आला की रात्री स्वप्नावस्था होते (झोपेत वीर्य जातं) आणि गुस्ल (विधिपूर्वक पूर्ण अंघोळ) वाजिब, म्हणजे बंधनकारक होतं. पहाटे अंघोळीला गेलं तर सगळ्यांना कळेल, या लाजेने कितीतरी मुलं फजरला उठतच नाहीत. अब्बांनी किंवा मोठ्या भावाने एकदा मोकळेपणाने सांगावं की हे नैसर्गिक आहे, गुनाह नाही, आणि गुस्ल असं करायचं. पहाटे कुणी कुणाला ‘आज अंघोळ कशी काय?’ म्हणून विचारायचं नाही, हा घरचा नियम करा.

मुलींना पाळीत नमाज माफ आहे आणि रोजा नंतर ठेवायचा असतो. ‘आज का नाही पढलीस?’ हा प्रश्न अब्बांनी किंवा भावांनी सगळ्यांसमोर विचारला की ती खोटं बोलते, किंवा पढण्याचं नाटक करते. घरातल्या पुरुषांनी हा प्रश्न विचारूच नये. अम्मी आणि मुलगी आपसात काय ते बघतील.

फजर चुकलीच तर आरडाओरडा नको. खैबरहून परतताना एका रात्री पहारा हजरत बिलाल (रजि.) यांच्याकडे होता, त्यांनाही डुलकी लागली, आणि प्रेषितांसह सगळा काफिला ऊन लागल्यावर जागा झाला. त्यांनी जागा बदलली, अजान दिली, नमाज पढली. मुलालाही हेच सांगा: जाग आली की वुजू (नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं) कर आणि पढ. मग रात्री कुठे चुकलं ते संध्याकाळी शांतपणे बघा.

सातवी पायरी: मोबाइल आणि गेम

फोन हिसकावून घेणं हा उपाय चार दिवस टिकतो. पाचव्या दिवशी मित्राचा जुना फोन घरात येतो. वेळा ठरवा: शाळेनंतर इतका वेळ, इशानंतर नाही, जेवताना कुणाचाच नाही. सूचनांचे आवाज आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ मुलाबरोबर बसून बंद करा. मेंदूला ओढत नेणारं ते यंत्र कसं काम करतं, हे मुलांना समजावून सांगितलं की त्यांना त्यात रस वाटतो, आणि कुणी आपल्याला खेळवतंय याचा थोडा रागही येतो.

गेम अर्ध्यात बंद करायला लावू नका. बऱ्याच गेममध्ये एक सामना वीस-तीस मिनिटांचा असतो आणि मध्येच उठलं तर संघातल्या इतरांचं नुकसान होतं. ‘हा सामना संपला की फोन जागेवर’ असं म्हणणारा बाप मुलाला समजूतदार वाटतो. आणि काढून घेतलेल्या वेळात काय, हे आधी ठरवा: मैदान, पोहणं, सायकल, मशिदीतले मित्र, एखादं हातकाम. रिकामी संध्याकाळ पुन्हा फोनकडेच जाते.

अश्लील चित्रफिती मुलाने पाहिल्याचं कळलं तर पहिला दिवस गप्प राहा. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मुलाशी, आईने मुलीशी एकांतात बोलावं. हे हराम आहे आणि नजरेची हिफाजत सांगितली आहे, हे सांगाच. त्यात जे दिसतं ते खरं नातं नसतं, हेही सांगा. ‘तुझ्यासारखा घाणेरडा’ हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. शरमेने कोसळलेलं मूल एकटं पडतं, आणि एकटेपणातच ही सवय वाढते. फोन खोलीबाहेर, उपकरणांवर गाळणी, आणि तौबाचं दार उघडं आहे ही खात्री, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात.

तंबाखू, सिगारेट किंवा व्हेप असेल तर ते सवयीपुरतं राहत नाही. निकोटिनचं व्यसन जडतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, आणि चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं दोन ते चार आठवडे टिकू शकतं. त्या काळातलं उद्धट बोलणं मनाला लावून घेऊ नका, आणि डॉक्टरांना सुरुवातीलाच सोबत घ्या.

आठवी पायरी: घसरण झाली की

होणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी पाहिल्या. अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तुमच्या मुलाचा आकडा कोणता, हे आधी कळत नाही. चाळीस दिवसांत सुधारला नाही म्हणून ‘हा कधी बदलणारच नाही’ असं ठरवू नका.

बुखारीत एक प्रसंग आहे. दारू प्यायल्याबद्दल एका माणसाला आणलं गेलं. शिक्षा झाल्यावर कुणीतरी त्याला उद्देशून म्हणालं, अल्लाह तुझी फजिती करो. प्रेषितांनी थांबवलं: आपल्या भावाविरुद्ध शैतानला मदत करू नका. शिक्षा झाली होती, तरी अपमान नाकारला गेला. घरातही हेच करता येतं. नियम मोडल्यावर काय होईल ते आधीच मुलाबरोबर ठरवा, छोटं ठेवा, आणि ठरल्याप्रमाणे होऊ द्या: आज वेळ ओलांडली तर उद्याचा स्क्रीनचा वेळ अर्धा. त्यावर भाषण नको. चुलतभावाशी तुलना नको, ‘नालायक’, ‘निकम्मा’ नको. टोपणनावं ठेवून हिणवण्याची मनाई त्याच सूरह हुजुरातमध्ये आहे. आणि रागाच्या भरात बददुआ (शाप) तर कधीच नको. आपल्या मुलांना बददुआ देऊ नका, ती घडी कबूल होण्याची असू शकते, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

कौतुक कसं करावं, तेही सुन्नतीत सापडतं. तरुण अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्याबद्दल प्रेषित म्हणाले, अब्दुल्लाह किती चांगला माणूस आहे, रात्रीची नमाज पढत असता तर! त्यानंतर ते रात्री थोडंच झोपत, असं त्यांचा मुलगा सांगतो. आधी माणूस चांगला म्हटलं, मग उणीव सांगितली.

रमजानची वेगळी तयारी लागते. तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज), सहरी, इफ्तारमुळे झोप तुकड्यांत होते, आणि सहरीपर्यंत जागून दिवसभर झोपायची पद्धत पडली की ईदनंतर घडी पार विस्कटलेली असते. तरावीहनंतर लगेच झोप, सहरीला उठणं, आणि दुपारी एक ठरलेली झोप, असा बेत आदल्या शाबान महिन्यातच करा. ईदनंतरचे दहा दिवस पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचं गणित चालवा.

घराबाहेरची मदत कधी

काही गोष्टी सवयी वाटतात, पण आजार असतात. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, आवडीच्या गोष्टींत रस न उरणं, वजन झपाट्याने कमी-जास्त होणं, पुरेशी झोप होऊनही सतत थकवा, मित्र अचानक तुटणं, शाळेला जायची भीती, पैसे गायब होणं, अंगावर जखमांच्या खुणा. यांपैकी काही दिसलं तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. तेच तेच वुजू पुन्हा पुन्हा करणं, नमाज मोडून परत परत सुरू करणं हेही तक्व्याचं (धर्मनिष्ठेचं) लक्षण समजू नका. तो वस्वस्याचा (सारख्या शंका येण्याचा) आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. नजर, जिन्न यांची शंका घरात बोलली जातेच. दुआ आणि रुकया (कुरआन पढून फुंकणं) करा, पण उपचारांच्या जागी नव्हे, सोबत. इलाज करा, कारण अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर औषध ठेवलं आहे, असं हदीसमध्येच सांगितलं आहे. मूल मरणाची भाषा बोललं तर त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू उचलून ठेवा, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

हळूहळू हात काढून घ्या

तीन-चार महिन्यांनी वही पुन्हा काढा, या वेळी मुलाच्या हातात द्या. काय बदललं ते त्याला वाचू द्या, आणि पुढची सवय कोणती घ्यायची ते त्यालाच ठरवू द्या. तो कदाचित न्याहारी निवडेल, कदाचित खोली आवरणं. तुमच्या यादीत ते खाली असलं तरी मान्य करा. फजरच्या हाका पाचावरून दोनवर, मग एकावर आणा, आणि गजर लावणं पूर्णपणे त्याचं काम करा. घरातली एक खरी जबाबदारीही द्या: महिन्याच्या वीजबिलाचा हिशेब, दादीच्या औषधांच्या वेळा, धाकट्याला कायदा (अरबी वाचनाची पहिली पुस्तिका) शिकवणं. प्रेषितांनी हजरत उसामा (रजि.) यांच्या हाती लष्कराची धुरा दिली तेव्हा ते जेमतेम अठरा-वीस वर्षांचे होते आणि त्यांच्या हाताखाली बुजुर्ग सहाबी होते.

तुमची स्वतःची दुआ यात रोज चालू राहू द्या; सूरह इब्राहीमची ४०वी आयत आणि सूरह फुरकानची ७४वी आयत याचसाठी आहेत. त्या मुलाच्या नावाने पढा, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात टोमणा म्हणून नको. आणि दर जुम्याला (शुक्रवारी) असरनंतर अर्धा तास त्याच्याबरोबर बाहेर पडा. त्या अर्ध्या तासात सवयींचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर ऐका.